अनेक डोमेन एकाच साइटकडे वळवूनही गुगलमध्ये जुनंच नाव परत येतंय? कुठे आणि काय तपासायचं

साइट एक आणि डोमेन चार-पाच, असं खूप ठिकाणी असतं. एखादं डोमेन संस्थेच्या जुन्या नावाचं, एखादं स्पेलिंग चुकणाऱ्यांसाठी घेतलेलं, एखादं 'नावात कीवर्ड आहे, रँकिंगला उपयोगी पडेल' अशा सल्ल्यावरून घेतलेलं. सगळी मुख्य साइटकडे वळवली जातात, ब्राउझरमध्ये कुठलंही नाव टाकलं तरी साइट उघडते, आणि काम झालं असं समजून विषय मिटतो. काही आठवड्यांनी गुगलमध्ये मुख्य डोमेनऐवजी जुनं नाव दिसायला लागतं. कुणीतरी ते दुरुस्त करतं, दोन-तीन महिने बरे जातात, आणि पुन्हा तेच.

या त्रासाचं मूळ बहुतेक वेळा आपल्याच सेटिंगमध्ये सापडतं. 'साइट उघडते' ही एक गोष्ट आणि 'डोमेन कायमचं वळवलंय' ही दुसरी. माणसाला ब्राउझरमध्ये दोन्ही सारख्याच दिसतात, क्रॉलरला, म्हणजे गुगलसाठी पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला, मात्र अगदी वेगळ्या. म्हणून अंदाज बांधत बसण्यापेक्षा खालच्या क्रमाने तपासत जा. मधलं काही गाळलंत तर दुरुस्ती टिकत नाही.

आधी अपेक्षेबद्दल

३०१ रिडायरेक्ट, म्हणजे 'हा पत्ता कायमचा तिकडे गेला' असं सर्व्हरचं उत्तर, जुन्या डोमेनने कमावलेलं नव्या पत्त्यावर नेतो. कमावलेलं म्हणजे मुख्यतः इतर साइट्सनी दिलेल्या लिंक. रिडायरेक्टमध्ये थोडं पेजरँक, म्हणजे लिंकवरून गुगलने पानाला दिलेलं वजन, गळतं, असं पूर्वी मानलं जायचं. जुलै २०१६ मध्ये गुगलच्या गॅरी इलिस यांनी जाहीरपणे सांगितलं की ३०१, ३०२ वगैरे रिडायरेक्टमुळे आता पेजरँक कमी होत नाही. पण जे डोमेन नुकतंच घेतलं आणि ज्याला कुणीच लिंक दिलेली नाही, त्यातून न्यायला मुळात काही नसतं. अशी दहा डोमेन वळवली तरी बेरीज शून्यच.

नावातल्या कीवर्डचाही फायदा होत नाही. वळवलेलं डोमेन शोधनिकालात येत नाही, मुख्य पत्ता येतो. शिवाय केवळ नाव शोधशब्दांशी तंतोतंत जुळतं म्हणून वर येणाऱ्या कमी दर्जाच्या साइट्सना गुगलने सप्टेंबर २०१२ मध्येच मागे ढकललं. त्यामुळे कुणी 'वीस कीवर्ड-डोमेन घेऊन वळवू, रँकिंग वाढेल' असं सुचवत असेल तर ते पैसे वाचवा. नाव चुकून टाइप करणारे लोक, जुन्या नावाने शोधणारे लोक आणि जुन्या लिंक, या तीन कारणांसाठी डोमेन वळवणं योग्यच आहे. खालचं सगळं त्यासाठीच.

पहिली तपासणी: प्रत्येक डोमेनचे चार पत्ते

एका डोमेनचे प्रत्यक्षात चार पत्ते असतात: एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, आणि दोन्हींमध्ये 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'सह व त्याशिवाय. मुख्य धरून पाच डोमेन असतील तर वीस पत्ते झाले. त्यांपैकी एकाच पत्त्यावर २०० (म्हणजे 'हे घ्या पान') हे उत्तर यायला हवं, उरलेल्या एकोणीस पत्त्यांवर ३०१. बहुतेक जण दोन-तीन पत्ते तपासून थांबतात आणि चूक नेमकी न तपासलेल्या पत्त्यावर असते.

हे ब्राउझरमध्ये तपासू नका. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी सर्व्हरला न विचारता थेट पुढे जातो, त्यामुळे तुम्ही काल काढलेला नियमही आज चालताना दिसेल. टर्मिनल उघडा, 'कर्ल' (सर्व्हरला थेट विनंती पाठवणारी आज्ञा) लिहा, आडवी रेघ देऊन इंग्रजी कॅपिटल आय लिहा आणि पुढे पूर्ण पत्ता द्या, अगदी एचटीटीपीपासून. उत्तराच्या पहिल्याच ओळीत आकडा दिसतो, उदाहरणार्थ 'एचटीटीपी/१.१ ३०१ मूव्ह्ड पर्मनंटली', आणि खाली 'लोकेशन' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत पुढचा पत्ता. या दोन ओळींवर नजर ठेवा, बाकीच्या सध्या सोडून द्या.

दोन सूचना. कॅपिटल आय दिल्यावर कर्ल फक्त हेडर, म्हणजे पानाआधी येणाऱ्या माहितीच्या ओळी, मागतो, आणि काही ॲप्लिकेशन अशा विनंतीला वेगळंच उत्तर देतात. उत्तर विचित्र वाटलं तर छोटं आय देऊन पूर्ण पान मागून बघा. दुसरं, फक्त मुखपृष्ठ तपासू नका. आतलं एखादं पान घ्या आणि त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन एखादं पॅरामीटरही जोडा. मुखपृष्ठ बरोबर वळतं आणि आतलं पान भलतीकडे जातं, हे फार वेळा दिसतं.

३०१ ऐवजी २०० येतंय

जुन्या डोमेनवर २०० आलं तर रिडायरेक्ट मुळात लागलेलाच नाही. तीच साइट दोन नावांनी उघडते आहे. गुगलच्या दृष्टीने तोच मजकूर दोन पत्त्यांवर आहे आणि त्यांतला मुख्य कोणता, हे तो स्वतः ठरवतो. कधी एक निवडतो, कधी दुसरा. तुमच्या निकालात नावं आलटून पालटून दिसतात त्याचं हेच कारण.

हे होण्याचे मार्ग तीन. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये डोमेन 'पार्क्ड' किंवा 'एलियस' म्हणून जोडलेलं असतं. नाव ऐकून वाटतं की ते वळवलं गेलं, पण एलियस त्याच फोल्डरमधली साइट दुसऱ्या नावाने दाखवतो, इतकंच. रिडायरेक्ट वेगळा लावावा लागतो.

दुसरा मार्ग एनजिनएक्स या वेब सर्व्हरवर दिसतो. एखाद्या नावासाठी वेगळा सर्व्हर ब्लॉक, म्हणजे सेटिंगच्या फाइलमधला त्या नावाचा भाग, नसेल तर एनजिनएक्स ती विनंती डिफॉल्ट ब्लॉककडे देतो, आणि डिफॉल्ट कोणता ते लिहिलेलं नसेल तर फाइलमधला पहिला ब्लॉक डिफॉल्ट ठरतो. म्हणजे कुणीही एखादं डोमेन तुमच्या सर्व्हरच्या आयपीकडे रोखलं तर त्या नावाने तुमची पूर्ण साइट उघडू शकते, तुम्हाला पत्ताही न लागता. यावर उपाय असा की अनोळखी नावांसाठी स्वतंत्र डिफॉल्ट ब्लॉक ठेवायचा आणि त्यात साइट दाखवायचीच नाही, तर ओळखीची जुनी नावं वेगळ्या ब्लॉकमध्ये स्पष्ट लिहून तिथून ३०१ द्यायचा.

तिसरा मार्ग म्हणजे डोमेन जिथे विकत घेतलं तिथली 'मास्किंग'सह फॉरवर्डिंगची सोय. यात एका रिकाम्या पानात फ्रेम टाकून तुमची साइट दाखवली जाते, पत्त्याच्या पट्टीत जुनंच नाव राहतं आणि उत्तर २०० येतं. ही सोय बंद करा. तिचा कोणालाच उपयोग नाही.

यासोबतच एक गैरसमज दूर करायला हवा. डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नावावरून मशीन शोधून देणाऱ्या यंत्रणेत, रिडायरेक्ट नावाचा प्रकार नसतो. ए रेकॉर्ड असो वा सीनेम, दोन्ही फक्त सांगतात की हे नाव कोणत्या मशीनवर आहे. 'सीनेम लावून डोमेन वळवलंय' असं कुणी म्हणालं तर तपासणी पुन्हा सुरू करा. ३०१ हे उत्तर वेब सर्व्हरच देऊ शकतो, आणि त्यासाठी त्या नावाने आलेली विनंती आधी कुठल्यातरी सर्व्हरने घ्यायला हवी.

३०२ येतंय

हे सहज सुटतं. अपाची या वेब सर्व्हरमध्ये 'रिडायरेक्ट' ही आज्ञा आकडा न देता लिहिली तर ती ३०२, म्हणजे तात्पुरती धरली जाते. रीराइटच्या (पत्ता बदलण्याच्या) नियमात शेवटी नुसतं 'आर' लिहिलं तरी तेच होतं. 'आर' बरोबर ३०१ असं स्पष्ट लिहावं लागतं. एनजिनएक्सच्या रीराइटमध्ये 'रिडायरेक्ट' या शब्दाने ३०२ जातो आणि 'पर्मनंट'ने ३०१. त्यापेक्षा सरळ 'रिटर्न ३०१' लिहावं, चुकायला जागाच राहत नाही.

गुगलच्या लेखी कायमचा रिडायरेक्ट हा मुख्य पत्ता ठरवण्याचा बळकट संकेत आहे आणि तात्पुरता हा कमजोर. ३०८ (कायमच्या रिडायरेक्टचाच दुसरा आकडा) वापरला तरी तो ३०१ सारखाच धरला जातो. नियम नवीन असताना एखादा दिवस ३०२ ठेवून चाचणी घेणं शहाणपणाचंच आहे, कारण चुकीचा ३०१ लोकांच्या ब्राउझरमध्ये घर करून बसतो. फक्त नंतर तो बदलायची नोंद कुठेतरी लिहून ठेवा.

दर दोन-तीन महिन्यांनी तोच घोळ: सर्टिफिकेट बघा

त्रास ठरावीक अंतराने परत येत असेल तर माझा पहिला संशय सर्टिफिकेटवर असतो. इथे जरा थांबू, कारण या विषयातली बरीच गुंतागुंत इथेच आहे.

एचटीटीपीएसच्या पत्त्यावर कुणी आलं की आधी ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात सुरक्षित जोडणी होते, आणि त्यासाठी सर्व्हरला त्या नावाचं वैध सर्टिफिकेट दाखवावं लागतं. जोडणी झाल्यावरच विनंती जाते आणि ३०१ चं उत्तर येतं. म्हणजे जुन्या डोमेनचं सर्टिफिकेट नसेल किंवा संपलं असेल तर तुमचा रिडायरेक्ट कितीही बिनचूक असला तरी वाचकापर्यंत पोहोचतच नाही. त्याला इशाऱ्याचं पान दिसतं. त्या डोमेनवर पूर्वी एचएसटीएस ('फक्त एचटीटीपीएसनेच या' अशी ब्राउझरला दिलेली सूचना) लावलेलं असेल तर 'तरीही पुढे जा' हा पर्यायही ब्राउझर देत नाही. मुख्य साइटचं सर्टिफिकेट इथे चालत नाही, जुनं नाव त्यात लिहिलेलं असावं लागतं. वाइल्डकार्ड सर्टिफिकेट असेल तर ते एकाच पातळीच्या उपनावांना लागू होतं आणि नुसत्या मूळ नावाला लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवा.

अनेक रजिस्ट्रारची (डोमेन विकणाऱ्या कंपन्यांची) मोफत फॉरवर्डिंगची सोय फक्त एचटीटीपीवर चालते. तिथे एचटीटीपीएसच्या पत्त्यावर ऐकणारं कुणीच नसतं. पूर्वी हे खपून जायचं. आता बाहेरच्या साइट्सवरच्या बहुतेक लिंक एचटीटीपीएसच्याच असतात, म्हणजे ज्या लिंकसाठी हा सगळा खटाटोप, त्याच वाया जातात.

आता 'पुन्हा पुन्हा' कुठून येतं ते बघा. मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं. नूतनीकरणाच्या वेळी त्यांचा सर्व्हर तुमच्या डोमेनवर एका ठरावीक फोल्डरमध्ये एक छोटी फाइल शोधतो. तुम्ही जुन्या डोमेनवरचं सगळंच मुख्य साइटकडे वळवलेलं असेल तर ती विनंतीसुद्धा वळते. त्यांचा सर्व्हर रिडायरेक्टच्या मागे जातो, पण मुख्य साइट दुसऱ्या मशीनवर असेल तर तिथे ती फाइल नसते. तपासणी फसते आणि सर्टिफिकेट संपतं. पहिल्यांदा सर्टिफिकेट घेतलं तेव्हा रिडायरेक्ट लावलेला नव्हता, म्हणून सगळं सुरळीत झालं होतं. तीन महिन्यांनी तेच काम अडतं.

मग तक्रार येते, कुणीतरी घाईत जुन्या डोमेनवरचा रिडायरेक्ट काढतं, सर्टिफिकेट घेतं, आणि रिडायरेक्ट परत लावायचा राहतो. साइट तर उघडतेय, इशाराही गेला, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण आता ते डोमेन २०० देतंय. गुगलला तोच मजकूर पुन्हा दोन नावांनी मिळू लागतो आणि काही आठवड्यांत जुनं नाव निकालात हजर. दोष गुगलच्या माथी मारला जातो.

यावर कायमचे उपाय दोन आहेत. वर सांगितलेल्या ठरावीक, म्हणजे 'डॉट वेल-नोन' फोल्डरमधल्या 'ॲक्मी-चॅलेंज' या वाटेला रिडायरेक्टच्या नियमातून वगळा, म्हणजे ती फाइल जुन्याच मशीनवर मिळेल. किंवा पडताळणी डीएनएसमधल्या टीएक्सटी रेकॉर्डने करा, म्हणजे वेब सर्व्हरवर काय चाललंय याचा संबंधच उरत नाही. डोमेन बरीच असतील तर मला दुसरा उपाय जास्त पसंत आहे.

हे काम हाताने करत असाल तर आता सोडा. मुदत संपत आल्याची आठवण करून देणारे ई-मेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ मध्ये बंद केले. शिवाय सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या संयुक्त मंचाने एप्रिल २०२५ मध्ये ठरवलंय की सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने खाली येईल: मार्च २०२६ पासून २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस. विकत घेतलेल्या सर्टिफिकेटलाही हे लागू आहे. वर्षातून एकदा कॅलेंडर बघून नूतनीकरण करण्याचे दिवस संपले.

सगळं मुखपृष्ठावर येऊन पडतंय

जुन्या डोमेनवर कधीच मजकूर नव्हता तर सगळं मुखपृष्ठाकडे पाठवणं ठीक आहे. पण तिथे खरी साइट होती, पानं होती, त्यांना लिंक होत्या, तर प्रत्येक पान त्याच विषयाच्या नव्या पानाकडेच गेलं पाहिजे. असंबद्ध मुखपृष्ठाकडे ढकललेली पानं गुगल 'सॉफ्ट ४०४' धरू शकतो, म्हणजे पान नाहीच असं समजतो. मग लिंकचं वजनही पोहोचत नाही. वाचकाच्या बाजूने विचार केला तरी तेच: त्याला एका विशिष्ट प्रश्नाचं उत्तर हवं होतं आणि तुम्ही त्याला दारात उभं केलंत.

दोन्ही साइट्सची रचना एकच असेल तर काम सोपं आहे, पत्त्याचा पुढचा भाग जसाच्या तसा जोडून पाठवायचा. एनजिनएक्समध्ये 'रिक्वेस्ट यूआरआय' हे व्हेरिएबल वापरलं की प्रश्नचिन्हापुढचे पॅरामीटरही सोबत जातात. रचना वेगळी असेल तर एक तक्ता करावाच लागतो, डावीकडे जुना पत्ता आणि उजवीकडे नवा. जुने पत्ते सर्च कन्सोलच्या (साइटमालकांसाठी गुगलने दिलेल्या साधनाच्या) अहवालांतून, सर्व्हरच्या लॉगमधून आणि वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहातून मिळतात. ज्या पानांना बाहेरून लिंक आहेत ती आधी घ्या. आणि ज्या पानाला नव्या साइटवर खरोखरच समांतर काही नाही, त्याला सरळ ४०४ ('पान सापडत नाही') किंवा ४१० ('पान काढून टाकलं') देऊ द्या. त्यात कमीपणा काही नाही.

लांबलेली साखळी आणि न संपणारं चक्र

एक नमुना बघा. समजा, 'जुने डॉट कॉम' वळवायचंय 'मुख्य डॉट कॉम'कडे. कर्लला कॅपिटल आयसोबत कॅपिटल एल दिलं की तो रिडायरेक्टच्या मागे मागे जातो आणि प्रत्येक टप्पा छापतो. असं दिसू शकतं: एचटीटीपीवरचं 'जुने' आधी एचटीटीपीएसवर जातं, तिथून 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'सह 'जुने'वर, तिथून 'मुख्य'वर, तिथून 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'सह 'मुख्य'वर, आणि शेवटी पत्त्याच्या टोकाला तिरकी रेघ जोडून पुन्हा एकदा. पाच उड्या. प्रत्येक नियम वेगळ्या वेळी वेगळ्या माणसाने लिहिला, म्हणून साखळी झाली.

गूगलबॉट, म्हणजे गुगलचा क्रॉलर, दहा उड्यांपर्यंत मागे येतो, पण गुगलचाच सल्ला असा की थेट शेवटच्या पत्त्यावर पाठवा, आणि ते जमतच नसेल तर तीनच्या वर जाऊ नका. जुन्या डोमेनच्या नियमात अंतिम पत्ता पूर्ण लिहिला की पाचाची एक उडी होते. याला एक अपवाद आहे. डोमेन एचएसटीएसच्या प्रीलोड यादीत (ब्राउझरमध्ये आधीच भरलेल्या यादीत) टाकायचं असेल तर एचटीटीपीवरून आधी त्याच नावाच्या एचटीटीपीएसवर जावं लागतं. तिथे दोन उड्या मान्य करा.

'खूप जास्त रिडायरेक्ट' असा संदेश देऊन ब्राउझर थांबत असेल तर आधी मधला सीडीएन, म्हणजे वाचक आणि तुमचा सर्व्हर यांच्यामध्ये बसणारी सेवा, बघा. सीडीएन वाचकाशी एचटीटीपीएसवर बोलतो आणि तुमच्या सर्व्हरशी साध्या एचटीटीपीवर, असं सेटिंग असेल तर सर्व्हर प्रत्येक वेळी 'एचटीटीपीएसवर जा' म्हणतो आणि चक्र सुरू होतं. सीडीएनपासून सर्व्हरपर्यंतची जोडणीही एचटीटीपीएसवर न्या, चक्र थांबेल. वर्डप्रेसमध्ये साइटचा पत्ता एक आणि सर्व्हरच्या नियमात दुसरा असेल तरीही असंच होतं. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'चा फरक एवढ्यालाही पुरतो.

रिडायरेक्ट निर्दोष आहे, तरी जुनं नाव जात नाही

आता बाकीचे संकेत बघायचे. रिडायरेक्ट एक पत्ता सांगतो आणि साइटवरचं बाकीचं दुसराच, तर गुगलला निवड करावी लागते. पानाच्या सोर्समध्ये कॅनॉनिकल टॅग, म्हणजे 'या मजकुराचा मुख्य पत्ता हा' असं सांगणारी ओळ, शोधा. गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये एकत्रितपणे आणलेली ही सोय नेमकी याच कामासाठी आहे, पण थीममध्ये किंवा प्लगइनमध्ये जुनं डोमेन हाताने लिहिलेलं असेल तर ती उलटते. तेच साइटमॅपचं, तेच आतल्या लिंकचं, तेच एचरेफलँगचं (दुसऱ्या भाषेतलं पान कुठे आहे ते सांगणाऱ्या टॅगचं). वर्डप्रेस असेल तर डेटाबेसमधली जुनी नावं 'डब्ल्यूपी-सीएलआय'च्या शोधा-बदला या आज्ञेने बदला. साध्या एसक्यूएलने बदललं तर सिरियलाइज्ड, म्हणजे मजकुराच्या लांबीसह बांधून साठवलेली सेटिंग मोडतात.

जुन्या डोमेनच्या रोबॉट्स फाइलमध्ये (क्रॉलरने कुठे जायचं नाही ते सांगणाऱ्या) क्रॉलिंग अडवलेलं नाही ना, तेही बघा. 'जुनं डोमेन निकालात नको' या भावनेतून लोक ते अडवतात. मग गुगल तिथे जातच नाही आणि त्याला रिडायरेक्ट दिसतच नाही. सर्च कन्सोलमधलं काढून टाकण्याचं साधनही यासाठी वापरू नका. ते पत्ता साधारण सहा महिने फक्त लपवतं, मुख्य पत्ता कोणता या निर्णयावर त्याचा काही परिणाम नाही. सहा महिन्यांनी प्रश्न जिथल्या तिथे.

खात्री करून घ्यायची तर 'साइट' ऑपरेटरने, म्हणजे गुगलमध्ये 'साइट:' आणि डोमेनचं नाव लिहून, शोधू नका. रिडायरेक्ट व्यवस्थित चालू असतानाही त्यात जुने पत्ते दीर्घकाळ दिसतात, कारण तुम्ही मुद्दाम त्याच नावाने विचारलेलं असतं. त्याऐवजी सर्च कन्सोलमध्ये यूआरएल तपासणीत जुना पत्ता टाका आणि गुगलने निवडलेला कॅनॉनिकल कोणता ते वाचा. तिथे मुख्य पत्ता असेल तर काम झालंय, धीर धरा. त्यासाठी प्रत्येक जुनं डोमेन सर्च कन्सोलमध्ये जोडलेलं हवं. २०१९ पासून 'डोमेन प्रॉपर्टी' आली आहे, तिच्यात एका टीएक्सटी रेकॉर्डने चारही पत्ते एकत्र येतात.

जुनी साइट पूर्णपणे नव्या डोमेनवर हलवली असेल तर तिथलंच पत्ता बदलण्याचं साधन वापरा. त्याचा परिणाम १८० दिवस चालतो. रिडायरेक्ट मात्र किमान वर्षभर ठेवा, असं गुगल सांगतो. माझं म्हणणं त्याहून पुढचं आहे: ज्या डोमेनला चांगल्या लिंक आहेत त्याचा रिडायरेक्ट डोमेन आपल्याकडे आहे तोवर काढूच नका. लिंक देणारे लोक आपले जुने लेख दुरुस्त करत नाहीत.

विकत घेतलेली जुनी डोमेन

लिंक असलेलं, मुदत संपलेलं एखादं डोमेन विकत घ्यायचं आणि आपल्या साइटकडे वळवायचं, हा सल्ला अजून दिला जातो. विषय तोच असेल, एखादी संस्था खरोखर तुमच्यात विलीन झाली असेल, तर हरकत नाही. नुसत्या लिंकसाठी घेत असाल तर माझा स्पष्ट विरोध आहे. मार्च २०२४ मध्ये गुगलने मुदत संपलेल्या डोमेनचा गैरवापर हा वेगळा प्रकार म्हणून स्पॅमच्या धोरणात घातला. जुन्या नावाच्या पुण्याईवर वाचकाला काही उपयोग नसलेला मजकूर वर आणणं त्यात येतं. नावात थोडा थोडा फरक असलेल्या अनेक साइट्स उभ्या करून सगळ्यांना एकाच ठिकाणी आणणं हे 'डोअरवे' म्हणून त्याआधीपासूनच धोरणात आहे. घेण्याआधी वेबॅक मशीनमध्ये त्या डोमेनचा इतिहास बघा, आणि घेतल्यावर सर्च कन्सोलमध्ये मॅन्युअल ॲक्शन (गुगलच्या माणसांनी केलेली कारवाई) आहे का ते आधी बघून मगच पुढचं पाऊल टाका.

दोन छोट्या गोष्टी

देवनागरी डोमेन वळवत असाल तर सर्व्हरच्या फाइलमध्ये नाव देवनागरीत लिहून बहुतेक ठिकाणी भागत नाही. त्याचं प्युनीकोड रूप, 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं, तिथे लिहावं लागतं. ब्राउझर सर्व्हरला तेच रूप पाठवतो.

आणि ई-मेल. रिडायरेक्टचा मेलशी काही संबंध नाही, पण वळवण्याच्या निमित्ताने डीएनएस दुसरीकडे नेलं की एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे पोहोचवायची ते सांगणारे) मागे राहतात आणि जुन्या पत्त्यावर येणारी मेल थांबते. डीएनएस हलवण्याआधी सगळे रेकॉर्ड उतरवून घ्या. ज्या डोमेनवरून मेल कधीच जात नाही, त्याच्या एसपीएफमध्ये (या नावाने मेल कोण पाठवू शकतं ते सांगणाऱ्या डीएनएस रेकॉर्डमध्ये) 'कुणालाच परवानगी नाही' असं लिहून ठेवा, नाहीतर त्या नावाने दुसरेच कुणी मेल पाठवतील.

पुन्हा होऊ नये म्हणून

सगळ्या जुन्या डोमेनचे नियम एका जागी आणा. काही रजिस्ट्रारकडे, काही एचटीॲक्सेसमध्ये (अपाचीच्या फोल्डरमधल्या सेटिंगच्या फाइलमध्ये), काही प्लगइनमध्ये, काही सीडीएनवर, अशी विभागणी असते तोवर कुठला नियम आधी लागतोय हेच कळत नाही. माझ्या मते योग्य जागा म्हणजे वेब सर्व्हर किंवा सीडीएन, दोन्हींपैकी एक. प्लगइनवर हे सोपवू नका, अपडेट आलं किंवा प्लगइन बंद पडलं की रिडायरेक्ट गायब.

एक साध्या मजकुराची फाइल करा. प्रत्येक ओळीत एक पत्ता आणि तो कुठे जायला हवा ते. रोज एकदा चालणारी छोटी स्क्रिप्ट त्या प्रत्येक पत्त्याला कर्ल करेल आणि तीन गोष्टी बघेल: पहिलंच उत्तर ३०१ आहे का, लोकेशन बरोबर आहे का, आणि सर्टिफिकेट संपायला वीस दिवसांपेक्षा जास्त वेळ आहे का. काही चुकलं तरच मेल यावी. रोज 'सगळं ठीक' असं येत राहिलं तर महिन्याभरात कुणी ती उघडत नाही. नवीन डोमेन घेतलं की त्याचे चार पत्ते आधी या फाइलमध्ये टाका, मग डीएनएसला हात लावा.

लॉगमध्येही एक बदल करून घ्या. अपाची आणि एनजिनएक्स या दोन्हींच्या नेहमीच्या 'कंबाइन्ड' नमुन्यात विनंती कुठल्या डोमेनच्या नावाने आली हे लिहिलंच जात नाही. होस्टचं नाव लॉगमध्ये जोडलंत तरच कळेल की कोणत्या जुन्या नावावर माणसं येतात, कुठे गूगलबॉट येतो आणि कुठे नुसते बॉट.

काही महिन्यांची अशी नोंद हाती आली की कोणतं डोमेन ठेवायचं हेही ठरवता येतं. माणसं येत नाहीत, लिंक नाहीत, मेल नाही आणि नावही तुमच्या संस्थेचं नाही, तर ते पुढच्या नूतनीकरणाला सोडून द्या. तुमच्या नावाशी जुळणारं डोमेन मात्र रिकामं असलं तरी सोडू नका. ते मोकळं झालं की दुसरं कुणीही घेऊ शकतं आणि तुमच्या नावाने काहीही दाखवू शकतं. त्याला ऑटो-रिन्यू लावा आणि रजिस्ट्रारकडे दिलेला संपर्काचा ई-मेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. ते डोमेन बंद पडलं तर मुदत संपल्याची सूचनाही तुमच्यापर्यंत येणार नाही.